बुचाचा काप

"पडद्यावर पन्नास मुलांना एकदम दिसतं, ताई! रांग नाही, ढकलाढकली नाही."

"पडद्यावर दिसतं ते चित्र, सर. चित्रच बघायचं तर पुस्तक काय वाईट आहे?"

"तुम्ही ना, एकच धरून बसता."

"आणि तुम्ही सगळंच सोडून देता!"

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाच्या दोन टोकांना दोघं उभी होती. मध्ये जुना पितळी मायक्रोस्कोप, आणि शेजारी भंगारात काढायच्या वस्तूंची यादी. मायक्रोस्कोप त्यात सातवा. खाली सरांच्या सहीची जागा कोरी. उद्या सकाळी टेम्पो येणार होता.

ताई प्रयोगशाळेची मदतनीस. एकतीस वर्षं त्या पितळेला तिनं तळहाताच्या फोडासारखं जपलेलं. मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं बुचाताई. कुठं बाटलीचं बूच दिसलं की बाई ते पिशवीत टाकणार, आणि ब्लेडनं त्याचे असे पातळ काप काढणार की फुंकरीनं उडावेत. पेशींच्या धड्याला तिचाच काप लागायचा. एरवी वर्षभर कुणी तिला काही विचारत नसे. घरी एक खोली, एक कप आणि बोलायला भिंती. त्याही ऐकून कंटाळलेल्या. मनातलं ती इथंच बोलायची, एक डोळा काचेला लावून, आतल्या इवल्या खोल्यांशी.

"साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसानं असाच बुचाचा काप काचेखाली धरला," ती म्हणाली, "तेव्हा पहिल्यांदा या खोल्या दिसल्या. ओळीनं, मधाच्या पोळ्यासारख्या. आदल्या दिवशी पेशी नव्हत्या का? झाडात होत्या, तुमच्या-माझ्या नाकात होत्या! नव्हती ती बघायची काच."

"हे मीच शिकवतो, ताई."

"त्या रिकाम्या होत्या, हेही शिकवता? बूच म्हणजे मेलेली साल. आतलं केव्हाच गेलेलं, नुसत्या भिंती उरलेल्या." तिचा आवाज उगाचच खाली आला. "जिवंत, भरलेल्या पेशी मागाहून दिसल्या. पण दार उघडलं ते रिकाम्या खोल्यांनी."

सरांनी घड्याळ पाहिलं. "मुलांना यात काय दिसतं, ठाऊक आहे? स्वतःच्या पापण्या! 'ताई, आत झाडू आहे' म्हणून ओरडतात."

"ओरडू देत की. दुसऱ्यांदा बघतात तेव्हा झाडू जातो. तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?"

"आठवीत, इथंच. चित्राला दहापैकी दहा होते."

ताईला ते चित्र पक्कं आठवत होतं. गरगरीत गोल, जाड काळी कड. वह्या कपाटात ठेवताना तिला चूक दिसली होती. पण मदतनिसानं बोलायचं नसतं, म्हणून तोंडाला कुलूप.

"या, बघा."

तिनं काचपट्टीवर पाण्याचा थेंब सोडला, काप ठेवला, वर पातळ काच टेकवली. ती काच नेहमी तिरकी, अलगद उतरवायची असते. आज घाईत ती सरळच पडली.

सर नाइलाजानं वाकले. "दिसली की पेशी! गोल, काळ्या कडेची. अगदी तश्शीच!" आवाजात कौतुक होतं. आत्ता गप्प बसलं, तर यादीतला सातवा आकडा कदाचित खोडला गेला असता.

"अरे, तो हवेचा बुडबुडा आहे," ती म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही. "तेव्हाही बुडबुडाच काढला होतास. मी बोलले नाही, चुकलं माझं. काचपट्टी जरा डावीकडे सरकव."

सरांचे कान लाल झाले. काचपट्टी सरकली. स्क्रू फिरला, पुढे, मागे, पुन्हा पुढे, आणि थांबला. नीट दिसल्याशिवाय तिथं हात थांबत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! बराच वेळ सरांनी डोकं वर केलं नाही.

"दिसल्या?"

सरांनी काचपट्टी आणखी जराशी सरकवली.

"मग या यादीचं काय करायचं?"

सर ताठ झाले. एका डोळ्याला पाणी आलं होतं, ते बाहीनं पुसलं. यादीची तशीच, सहीविना, घडी घातली, खिशात टाकली, आणि ताईकडे न बघता ते दाराबाहेर पडले.