जेऊरचं पाणी मानवलं नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच नाही. प्रार्थनेत सांगितलं का म्हणाल — सांगितलं, पण तेही गोलगोल. प्रभू, माझे अपराध पोटात घाल, असं घाऊक. त्या घाऊकात हेही गेलं असेल तर गेलं. पण तोंड उघडून, जसं घडलं तसं — आज पहिल्यांदाच सांगते आहे. तेही तुम्हाला, कारण तुमची माझी ओळख नाही.

आणि मला दुःखीबिखी समजू नका हं. माझं छान चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण कुणाचे नाही कुरकुरत? सकाळी ओट्यावर ऊन येतं, तिथं सुपात ज्वारी घेऊन निवडत बसते. पोरी म्हणतात, आई, आता तयार पीठ मिळतं की पिशवीत. मिळू दे. मला निवडायला आवडतं. का आवडतं ते पुढं येईलच.

आधी मूठ म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या सोलापूरच्या मंडळीत — चर्चच्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो आणि चर्चला देऊळ — बायकांची एक रीत होती. गिरणीत न्यायला दळण काढलं की पहिली मूठ आपली नाही. ती वेगळ्या डब्यात टाकायची. देवाची मूठ. आठवड्याभरात डब्यात जे साठेल ते ज्याला कुणी नाही अशाच्या चुलीला जायचं. आमच्या आळीची मूठ रत्नामावशीला जायची. दर शनिवारी ती घरोघरी मागून तिला नेऊन पोचवायचं काम माझं.

माझ्याकडं ते कसं आलं? मीच हात वर केला होता! नवी नवरी मी, पाळकसाहेबांनी विचारलं, कोण करील? सगळ्या एकमेकींची तोंडं बघत होत्या, तेवढ्यात माझा हात वर. इस्तर किती गुणाची, असं सगळ्या म्हणाल्या आणि मला ते गोड लागलं. खोटं कशाला बोलू? त्या गोडीवरच मी पहिली काही वर्षं चालले.

रत्नामावशी राहायची रेल्वे लाइनीच्या पलीकडं, पत्र्याच्या एका खोलीत. एके काळी दवाखान्यात आया होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, खुब्यात दुखणं बसलेलं, त्यामुळे देवळातसुद्धा येणं होत नव्हतं. नात्यात एकच भाचा, जेऊरला. त्याला मावशीनं हातावर वाढवलेला, पण त्यानं कित्येक वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं. आणि मावशीचा स्वभाव — काय सांगू! पिशवी हातात घेतली की पहिल्यांदा हात आत घालायची, ज्वारी तळव्यावर पसरायची आणि म्हणायची, "खडे हायेत की गं ह्यात." सलाम नाही, बस नाही, पाणी घे नाही. खडे हायेत की. उन्हातून चालत गेलेली बाई मी, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं.

मग तो दुष्काळ आला. तुम्ही लहान असाल किंवा जन्मलाही नसाल. विहिरी आटल्या, रेशनवर बाहेरदेशची तांबडी मिलो ज्वारी यायला लागली. तिची भाकरी थापायला गेलं की फुटायची, आणि वास असा की पोरं ताटावरून उठायची. ह्यांच्या कापडगिरणीत कामाला खाडा पडायला लागला होता. आळीतल्या बायकांच्या मुठी बारक्या झाल्या — त्यांचं तरी काय चुकलं? शनिवारी मी दारात उभी राहिले की आतून आवाज यायचा, "आली बघ इस्तर." कोण आलंय हे सांगायला म्हणत नव्हत्या तसं. तुम्हाला कळतंय ना कसं म्हणायच्या ते?

रविवारी पाळकसाहेब उपदेश करायचे, चांगलं करताना खचू नका, वेळ आली की पीक पदरात पडेल. मी खाली सतरंजीवर बसून मनात म्हणायची, तुम्ही एकदा जाऊन बघा रत्नामावशीकडं, मग सांगा. देवळात बसून असं म्हणायची मी!

मूळ गोष्टीवर यायला मी वेळ लावते आहे, माझ्या लक्षात येतंय. यायलाच हवं.

त्या उन्हाळ्यातला एक शनिवार. सगळी आळी फिरून पिशवी निम्मीसुद्धा भरली नव्हती, आणि त्यात बहुतेक मिलोच. मीच आमच्या डब्यातली चांगल्या ज्वारीची ओंजळ वर टाकली होती. पोरींच्या तोंडची, असं तेव्हा मला वाटलं. मावशीनं हात घातला, तळव्यावर पसरलं आणि पिशवी माझ्याकडं ढकलली. "हे गुरांचं हाय. मी काय गूर हाय व्हय?" मी पिशवी तिथंच ठेवली आणि निघाले. सबंध रस्ताभर माझं मस्तक तापलेलं. घरी पोचेपर्यंत ठरलं होतं — बास. आता नाही.

पण सरळ सांगायची छाती होती का माझी? पाळकसाहेबांकडं जाऊन म्हणायचं, मी थकले, दुसरी कुणी बघा — एवढंच तर होतं. पण मग गुणाच्या इस्तरचं काय? ते मला सोडवेना. म्हणून मी दोन थापा मारल्या, आणि त्या एकमेकींत अशा बसवल्या की कुठं फट दिसू नये. आळीतल्या बायकांना म्हणाले, मावशीला भाच्यानं जेऊरला नेलं, आता मूठ नको. आणि शनिवारी मावशीकडं जाऊन म्हणाले — मंडळीनं मूठ बंद केली, मावशी. दुष्काळ आहे, कुणाला परवडत नाही.

मला वाटलं होतं ती ओरडेल, भांडेल, शिव्या देईल. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बंद पडली? देवाची मूठ?" मी मान हलवली. "बरं," म्हणाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, तिनं मला माठातलं पाणी दिलं. मी ते प्यायले.

मग पुढचे शनिवार कसे गेले? विचाराल तर, छान गेले. हेच तर सांगायला जड जातंय. मी न्हायले, दुपारी झोपले, थोरलीच्या वेण्या घातल्या. मूठ नको म्हटल्यावर बायकांनाही हायसं वाटलं. जेऊरचा भाचा शेवटी माणसात आला म्हणायचा, असं मार्था म्हणाली — ती आमच्या शेजारी राहायची — आणि मीही म्हणाले, हो बाई, देवाची करणी. देवाचं नाव घेऊन म्हणाले! पलीकडं एक म्हातारी काय खात असेल, हे मनात यायचं का? यायचं. आलं की मी उठून काहीतरी काम काढायची.

असे काही आठवडे गेले. एका रविवारी उपासना सुरू होऊन गायन झालं होतं, आणि दारात चाकांचा आवाज आला. मागं वळून बघते तर सुताची हातगाडी. मावशीच्या शेजारी राहणाऱ्या तेलुगू विणकराची. तो ती ढकलत होता, आणि वर सुताच्या गठ्ठ्यासारखी बसलेली रत्नामावशी.

आता सगळ्यांसमोर उघडं पडणार. मी तिच्याकडं बघितलंच नाही. ती कशीबशी आत आली, बायकांच्या बाजूला मागं टेकली. वाळून काटकी झाली होती. अर्पणाच्या वेळी उठली, काठी टेकत पुढं गेली आणि कनवटीला बांधलेलं एक गाठोडं टेबलावर ठेवलं. जुन्या लुगड्याचा तुकडा. गाठ सैल होती, थोडे दाणे बाहेर सांडले.

पांढरी ज्वारी आणि तांबडी मिलो, एकत्र.

ती ज्वारी माझ्याच हातची होती. मीच नेऊन दिलेली. आम्ही जे द्यायचो त्यातून ती बाई दळण काढताना पहिली मूठ वेगळी ठेवत होती, कितीतरी दिवस. आणि मूठ बंद पडली हे ऐकल्यावर ती गाठोडं घेऊन निघाली होती — पुन्हा चालू करायला. नंतर शेजारच्या तेलुगू बाईकडून मला कळलं, त्या आठवड्यांत मावशी त्यांच्याकडची वाटीभर पेज पिऊन राहायची. वाटीभर पेज, आणि काही दिवस तीही नाही. गाठोडं उशाशी असायचं. ते फोडा म्हटलं तर म्हणायची, ते माझं न्हाय.

उपासना सुटली. मी चपला शोधायच्या निमित्तानं खांबाआड गेले. पण मार्थानं मावशीला गाठलंच. "अगंबाई, मावशी! जेऊरहून कधी आलात? भाच्यानं सोडलं कसं?"

मावशीनं मार्थाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर सगळं उमटत गेलेलं मला दिसलं — जेऊर, भाचा, बंद पडलेली मूठ, मी. म्हातारी होती, पण डोकं शाबूत होतं. एक शब्द बोलली असती तर माझं आळीत तोंड दाखवणं बंद झालं असतं. आणि बोलायला तिला कसली भीती? मिलो तोंडावर ढकलणारी बाई ती.

ती म्हणाली, "लई करत हुता गं भाचा. ठेवूनच घेत हुता. पर मला तितलं पाणी मानवलं न्हाय. म्हणलं, आपलं सोलापूरच बरं."

ज्या भाच्यानं तिच्याकडं कधी ढुंकूनही बघितलं नाही, त्याचं कौतुक करायला लागलं तिला, माझ्यापायी. मार्थाला कौतुक वाटलं. सगळ्या हसल्या. मी खांबाला धरून उभी होते.

तिला हातगाडीत बसवायला मीच गेले. काखेत हात घातला तर नुसती हाडं. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं बोलूच दिलं नाही. म्हणाली, "शनवारी येतीस न्हवं?"

"येते मावशी."

"खडे निवडून आण."

एवढंच. पुन्हा त्यावर तिनं चकार शब्द काढला नाही, मीही काढला नाही. मी शनिवारी गेले. नंतरच्या शनिवारी गेले. ती जाईपर्यंत जात राहिले, आदल्या दिवशी ज्वारी निवडून. तरी ती हात घालून बघायचीच आणि एखादा खडा शोधून काढायचीच. कंटाळा आला का पुन्हा? आला की, पुष्कळदा आला. कंटाळ्यासकट गेले. रस्त्यात बडबडत जायची, येताना बरं वाटायचं. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले शनिवार ते, असं आज वाटतं.

मावशी गेली तेव्हा जेऊरचा भाचा आला मातीला. वयानं उतरलेला, ओशाळलेला माणूस. बायका त्याच्याभोवती जमल्या. "तुम्ही मावशीला नेलंत, ठेवून घेत होतात, लई मोठं मन तुमचं. ती स्वतःच सांगायची." तो गोंधळून एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिला. न्हाय म्हणायला त्याचे ओठ हललेले मी बघितले. मग मान खाली घालून ढसाढसा रडायला लागला. तेवढ्यात पाळकसाहेबांनी कबरीपाशी माझं नाव घेतलं — चांगलं करताना न थकणारी बघायची असेल तर आपल्या इस्तरबाईंकडं बघा, म्हणाले. सगळ्यांनी बघितलं. मी पदर डोळ्यांना लावला.

मी आणि तो शेजारी शेजारी उभे होतो. एक हाक मारून त्याला खरं सांगता आलं असतं, की ही थाप मावशीची नाही, माझी आहे. मी नाही सांगितलं. तो तसाच गाडीला गेला.

अजूनही मंडळीत कुणी नवी मुलगी एखादं काम मध्येच सोडायला लागली की तिला माझं उदाहरण देतात. मी समोर बसलेली असते आणि काही बोलत नाही. मी थकले होते, मी खोटं बोलले, माझ्यामुळं एक म्हातारी उपाशी राहिली आणि तिनंच मला झाकलं. ते झालं असं.

उद्याचं दळण काढून ठेवलंय. पहिली मूठ डब्यात टाकली, निवडून.