शेवटी बोलायचा मान

होणारे सासरे, म्हणजे दादा, दिवसभर दारू चाखतात आणि त्याचा पगार घेतात, ही बातमी लग्नाआधी सुनेच्या वडिलांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी हातातला कप तसाच खाली ठेवला. अशा घरात मुलगी द्यायची म्हणजे हातानं विहिरीत ढकलायची, असं ते म्हणाले. बिचाऱ्यांना कुणी अर्धवट सांगितलं होतं. चाखलेला घोट दादा कोपऱ्यातल्या भांड्यात थुंकत. उभ्या आयुष्यात त्यांनी कामावर एक थेंब गिळला नव्हता, आणि घरी तर बाटलीच नव्हती. सुनेला आज त्या गोष्टीचं हसू येतं, कारण पुढे ती स्वतःच दादांच्या शेजारी बसून तेच काम करायला लागली आणि वडिलांनी जावयाला त्याबद्दल विचारणंच सोडून दिलं.

दादा कामाला होते ती पेढी जुन्या कोन्याकची. द्राक्षांच्या वाइनपासून काढलेला हा अर्क ओकच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरत ठेवायचा, आणि कुठलं पिंप कधी उघडायचं, कशात मिसळायचं, कुठलं एकटंच बाटलीत भरायचं, हे ठरवणं दादांचं काम. एकाच दिवशी, एकाच द्राक्षांचा अर्क भरलेली शेजारशेजारची पिंपं कधी सारखी निघत नाहीत. सख्ख्या भावांसारखंच ते. एकाच आईच्या हातचं खाऊन एक गवई होतो आणि दुसरा सगळ्यांच्या चुका काढत बसतो. दादांना दोघांचंही कौतुक असे. चांगल्या पिंपाबद्दल सगळेच बोलतात, दादा नाठाळ पिंपाबद्दलही मायेनं बोलत. ‘हट्टी आहे, पण आतून गोड आहे. अजून ठेवा त्याला,’ असं म्हणून त्यांनी कितीतरी पिंपं वाचवली होती.

घरी मात्र या नाकाचा जाच होता. सुगंधी साबण नाही, अत्तर नाही, चाखायच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळपासून लसूण नाही. सासूबाई म्हणत, ‘मी या माणसाशी लग्न केलंच नाही. त्यांच्या नाकाशी केलं, हे फक्त सोबत आले.’ मुलाचं नाक चष्मा टेकवण्यापुरतंच कामाचं होतं. सून घरात आली आणि थोड्याच दिवसांत जेवताना सहज म्हणाली, ‘आज पाण्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय.’ दादांचा घास हातातच राहिला. तो वास त्यांना सकाळपासून येत होता आणि घरात सांगायचं कुणाला, म्हणून ते गप्प होते. पुढच्याच आठवड्यात ते तिला पेढीवर घेऊन गेले.

चाखायची खोली उत्तरेला, पांढऱ्या भिंतींची, एका लांब टेबलाची. ग्लास वर निमुळता होत गेलेला, त्यावर काचेची चकती झाकलेली. दादांनी तिला पहिली गोष्ट शिकवली ती ग्लास न घुसळण्याची. ‘घुसळायचा तो पार्टीतल्या पाहुण्यांनी. म्हाताऱ्या माणसाला गदागदा हलवून कुणी गोष्ट विचारतं का? छातीपाशी धर, मग हनुवटीपाशी आण. तो आपणहून बोलतो.’ आणि खरंच बोले. आधी सुकवलेले जर्दाळू, मग मध, मग जुन्या कातडी पेटीचा वास, आणि अगदी जुन्या पिंपात सगळ्यात शेवटी अक्रोड आणि ओल्या मातीसारखं काहीतरी. त्यासाठी तिच्यापाशी शब्द नव्हता. दादा म्हणाले, ‘नसू दे. सगळ्याला नाव दिलंच पाहिजे असं नाही.’

आणि एक नियम होता. टेबलावर सगळ्यांचे ग्लास खाली ठेवून होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग सगळ्यात लहान माणूस आधी बोलणार आणि सगळ्यात मोठा शेवटी. ‘मोठ्यानं आधी तोंड उघडलं की बाकीच्यांची नाकं बंद होतात,’ असं दादा म्हणत. त्यामुळे सून आधी बोले, मग पिंपांची डागडुजी करणारे काका, मग पेढीच्या मालकीणबाई, आणि शेवटी दादा. दादा बोलले की विषय संपला.

सुरुवातीला सून सपाटून चुकायची. ती अक्रोड म्हणाली की दादा शेवटी शांतपणे म्हणत, ‘अक्रोड नाही, अक्रोडाचं साल.’ मग हळूहळू चुका कमी झाल्या. त्या वर्षी थंडीत दादांना मोठा ताप आला, ते बरे होऊन कामावर परतले, आणि तेव्हापासून तिचं आणि दादांचं मत तंतोतंत जुळायला लागलं. ती म्हणे मध, दादा शेवटी म्हणत मधच. ती म्हणे हे पिंप अजून कच्चं आहे, दादा मान डोलावत. सुनेला आभाळ ठेंगणं झालं. आपलं नाक पिकलं, आपण दादांच्या पंगतीला बसलो, असं ती नवऱ्याला इतक्या वेळा सांगे की तो बिचारा पांघरूण डोक्यावर ओढून घेई.

मग एका रविवारी सकाळी दूध जळलं. सासूबाई शेजारणीशी बोलत जिन्यात उभ्या होत्या, सून गच्चीवर कपडे वाळत घालत होती. गच्चीपर्यंत करपल्याचा वास आला तशी ती धावत खाली आली. स्वयंपाकघर धुरानं भरलेलं. आणि दार उघडं असलेल्या पलीकडच्या खोलीत दादा पेपर वाचत बसले होते. पान उलटलं, चष्मा नीट केला, पुन्हा वाचायला लागले. शेजारच्या इमारतीत कुणी रंगकाम काढलं तरी खिडक्या लावून घेणारा हा माणूस.

ती भांडं पाण्याखाली धरून तशीच उभी राहिली. सगळं एकदम तिच्या डोक्यात लख्ख झालं. मतं जुळत नव्हती. दादा तिचीच मतं तिला परत देत होते.

तिला आधी राग आला, आणि तो स्वतःचाच जास्त आला. कसली पंगत नि कसलं काय! आणि पंधरवड्यावर तर मोठी चाखणी होती. पेढीची दोन सगळ्यात जुनी पिंपं निवडीला यायची होती. एक पेढीच्या नावानं वेगळं भरलं जाणार, दुसरं रोजच्या मिश्रणात ओतलं जाणार. एकदा ओतलं की ओतलं. मालकीणबाई दादांच्या शब्दावर डोळे मिटून हो म्हणणार होत्या, आणि दादांचा शब्द म्हणजे तिचा शब्द, हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. बोलावं तर दादांची जन्माची खुर्ची जाते. न बोलावं तर तो जुना अर्क तिच्या एकटीच्या नाकावर पणाला लागतो. आणि दादांना तोंडावर विचारायची छाती तिला होईना. शेवटी तिनं मनाशी ठरवलं: मुद्दाम चुकीचं बोलायचं. दादांनी चूक पकडली तर आपलीच शंका खोटी, देव पावला. नाही पकडली तर पुढचं पुढे.

चाखणीच्या दिवशी चौघं बसले. चकत्या उचलल्या गेल्या, ग्लास वर गेले, खाली आले. पहिल्या ग्लासात काय होतं ते सांगायला तिच्याकडे आजही शब्द पुरत नाहीत. असा कोन्याक तिनं त्याआधी हुंगला नव्हता. दुसरा चांगला होता, भारदस्त होता, पण लवकर गप्प होत होता.

‘दुसरं पिंप घ्यावं,’ सून म्हणाली. ‘पहिल्यात मला साबणाचा वास येतोय. ते वेगळं भरण्याच्या लायकीचं नाही.’

काकांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ‘साबण? मला तर नाही बुवा आला. मी पहिलंच म्हणेन.’

‘मलाही पहिलंच आवडलं होतं,’ मालकीणबाई चाचरत म्हणाल्या. ‘पण साबण म्हणताय म्हणजे... दादा, तुम्ही सांगा.’

दादांनी पहिला ग्लास पुन्हा उचलला. छातीपाशी धरला, हनुवटीपाशी आणला. किती वेळ तसाच धरला होता. मग न हुंगताच खाली ठेवला.

‘साबण नाही त्यात,’ ते म्हणाले.

सुनेचा जीव भांड्यात पडला. पण दादांचं बोलणं संपलं नव्हतं.

‘हे मला ग्लासानं नाही सांगितलं. हिच्या आवाजानं सांगितलं. हिला खरंच काही जाणवलं ना, की ही आधी अडखळते, शब्द शोधते. आज पाठ करून आल्यासारखी बोलली.’ त्यांनी टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. ‘बाई, तापापासून मला वास येत नाही. कसलाच नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत राहिलो. शेवटी बोलायचा मान होता, त्याच्या आड लपलो. लहानांची नाकं बंद होऊ नयेत म्हणून तो नियम, आणि मी त्याचा असा उपयोग केला. चूक झाली माझी.’

मालकीणबाईंच्या तोंडून फक्त एवढंच निघालं, ‘अहो, पण इतके महिने जी पिंपं तुम्ही निवडलीत...’

‘ती हिनं निवडली,’ दादा म्हणाले. ‘आणि एकही चुकलं नाही, दर वेळी तुमचं आणि काकांचं मतही तेच निघालं. एक जरी चुकलं असतं तरी मी त्याच दिवशी बोललो असतो. ती चुकेना, म्हणून माझं फावलं.’

सुनेला रडूच फुटलं. दादांची खुर्ची आपण घालवली म्हणून, आणि जाता जाता त्यांनी आपल्या पदरात काय टाकलं म्हणूनही. रडून तिचं नाक चोंदलं आणि आता त्या टेबलावर कामाचं असं नाक उरलंच नाही. काका उठून खिडकी उघडायला गेले. मालकीणबाईंनी ग्लासांवर चकत्या झाकल्या आणि म्हणाल्या, ‘बसू या थोडं. कोन्याक इतकी वर्षं थांबलाय, आणखी थोडा थांबेल.’

सगळे तसेच बसले. तिचं नाक मोकळं व्हायला बराच वेळ लागला. तोवर दादांनी आपली खुर्ची तिच्या खुर्चीजवळ सरकवली.

‘आता शेवटी तू बोल,’ मालकीणबाई सुनेला म्हणाल्या.

‘पहिलं,’ ती म्हणाली.

‘पहिलं,’ बाईंनी मान हलवली आणि काकांना घेऊन त्या पिंपावर खूण करायला तळघरात गेल्या.

दादांनी पहिला ग्लास उचलून तिच्या हातात दिला. तो अर्क त्यांनीच निवडून आणला होता, तेव्हा त्यांचे केस काळे होते. त्याला इतकी वर्षं मुरताना त्यांनी जपलं होतं, आणि आज तो पुरता तयार झाल्यावर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

‘सांग ना,’ ते हलकेच म्हणाले. ‘कसा झालाय?’

तिनं ग्लास छातीपाशी धरला. हनुवटीपाशी आणला.

‘आधी... थांबा हं, दादा... आधी जर्दाळू. पण सुकवलेले नाहीत. नुकतेच उन्हात टाकलेले...’ ती अडखळली, पुन्हा शब्द शोधायला लागली.

‘सावकाश,’ दादा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.