लोलकाला बांधलेलं फडकं

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या एका गराज सेलमध्ये मी गाईच्या गळ्यातली पितळी घंटा उचलली. विकणारा म्हातारा मूळचा स्वित्झर्लंडमधल्या एका चिमुकल्या डोंगरगावचा. ते गाव आता शेजारच्या गावात विलीन झालं होतं. त्या जुन्या गावाचं नाव घंटेवर कोरलेलं होतं आणि लोलकाला फडकं बांधलेलं होतं.

"वाजत नसेल तर भाव कमी करा," म्हणत मी फडकं सोडायला लागलो. त्याने माझा हात धरला.

"नको. उन्हाळा संपला की आमच्या गाई फुलं माळून, घंटा वाजवत डोंगर उतरायच्या. ज्या घरातलं कोणी त्या वर्षी वारलं असेल, त्या घरच्या गाई मात्र आवाज न करता यायच्या. माझी बायको जूनमध्ये गेली. मुलाने आताच घर विकायला काढलंय."

माझी आई गेली त्याच वर्षी थोरल्या भावाने आमचं घर विकून नव्या फ्लॅटची वास्तुशांत केली, जेवणावळीसकट. मला कळवलंही नाही. त्याच्याशी मी अजून बोलत नाही.

घासाघीस न करता मी घंटा घेतली. म्हाताऱ्याने गाठ पुन्हा आवळली. "पुढच्या जूनमध्ये वर्ष होईल, तेव्हा सोडा," म्हणाला.

तो जून उलटून गेला. गाठ सोडायला माझा हात होत नाही.