खोट्या रेडिओवर आलेलं नाव

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आले. अंगात येणं, हाका ऐकू येणं… वाचायचं आणि सोडून द्यायचं. माझं कामच असं आहे की मशीन कितीही वेड्यासारखं वागलं तरी त्याला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. गेल्या उन्हाळ्यातल्या एका दुपारचं कारण मात्र मला सापडलेलं नाही. म्हणून लिहितेय.

आम्ही सोलापूर शहराच्या ‘जुळे सोलापूर’ भागात राहतो — मी, दादा आणि वहिनी. दादाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी बघायला तो बाईकवरून खेडोपाडी जातो. मी वरच्या खोलीत बसून एका परदेशी कंपनीसाठी लिनक्स कर्नलचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅमचं काम करते.

तेव्हा माझ्याकडे वायफायच्या एका नकली ड्रायव्हरमधला, म्हणजे वायफाय चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला, बग शोधायचं काम होतं. नकली म्हणजे त्यात खरा रेडिओ नसतो, अँटेना नसते. सॉफ्टवेअरमध्येच दोन खोटे रेडिओ तयार करायचे आणि ते एकमेकांशी बोलतात का ते बघायचं. बाहेरच्या हवेशी त्यांचा काही संबंध नाही. शिवाय मी ते लॅपटॉपच्या आतच एका वेगळ्या, बंद नेटवर्कमध्ये ठेवले होते. दाराखिडक्या नसलेली खोली समजा. बग असा होता की ही खोली मोडली तरी तिच्यातला एक रेडिओ कधीकधी मागे उरायचा.

तपासायला मी स्कॅन लावून ठेवला होता. स्कॅन म्हणजे रेडिओ थोड्या थोड्या वेळानं विचारतो, ‘कुणी आहे का?’ आणि जे उत्तर देतील त्यांची नावं पडद्यावर येतात. माझ्याकडे एकच नाव यायचं — ‘टेस्ट’. त्याच्यापुढे सिग्नलचा जोर, तोही कायम एकच, कारण तो आकडा ड्रायव्हरमध्येच लिहिलेला असतो.

जेवून वर आले तर नावं दोन होती. टेस्ट… आणि खाली ‘दादा मोटर’.

हे दादाच्या फोनच्या हॉटस्पॉटचं नाव. मीच ते त्याच्या फोनमध्ये भरून दिलं होतं. पण दादा सकाळीच वैरागकडे गेला होता, आणि लॅपटॉपचं खरं वायफाय कार्ड मी या कामासाठी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. लॅपटॉपला ऐकायला कानच नव्हते.

पहिल्यांदा मी चिडले. म्हटलं, कुठलीतरी जुनी मेमरी वाचली जातेय. ड्रायव्हर काढला, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, चहा करून आणला, मग सगळं नव्यानं उभं केलं. टेस्ट आलं. आणि काही वेळानं त्याच्याखाली पुन्हा ‘दादा मोटर’.

टेस्टचा आकडा स्थिर होता. दादाच्या नावापुढचा बदलत होता. हळूहळू, पण सारखा खालीच येत होता.

मी खाली जाऊन वहिनीला विचारलं, “दादा आला का गं?”

“कुटं आलेत? जेवायला येतो म्हणले होते. फोन वाजतोय, उचलत न्हाईत.” वहिनी मोहोळची. एरवी ती दादाची वाट बघून वैतागते. त्या दिवशी वैतागली नव्हती. ताट झाकून नुसती बसली होती.

मी तिला वर आणून पडदा दाखवला. समजेल तसं सांगितलं. तिनं आकड्यावर बोट ठेवलं.

“कमी कमी हुतंय न्हवं हे?”

“हो.”

“मग बसलीयास काय? गाडी काढ.”

खरं सांगते, मी एकटी असते तर गेले नसते. दोन तास कोड वाचत बसले असते.

मी गाडी चालवत होते, वहिनी मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी. दुकानावरून गेलो, शटर बंद. बार्शी रस्त्याला लागलो आणि वहिनी म्हणाली, “वाडला.” मी विश्वास ठेवला नाही. गाडी बाजूला घेऊन स्वतः बघितलं. वाढला होता. ज्या गोष्टीला जागा कळत नाही, गाडी चालतेय का थांबलीय हेही कळत नाही, ती गोष्ट जवळ आलात म्हणून सांगत होती.

पुढं वहिनी फक्त “वाडतोय… वाडतोय…” म्हणत होती. वैरागच्या अलीकडे एका आडरस्त्याचा फाटा मागे टाकला आणि ती म्हणाली, “थांब. पडला.” मागे घेतली, फाट्याला वळले. बाहेर नुसतं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका मोरीजवळ आकडा टेस्टच्या बरोबरीला आला, आणि मी ब्रेक दाबायच्या आधी वहिनीनं दार उघडलं होतं.

मोरीच्या खाली, वेड्या बाभळीच्या आड बाईक पडली होती. रस्त्यावरून ती दिसत नव्हती. पलीकडे दादा. पाय बाईकखाली अडकलेला, ओठ पांढरे, डोळे मिटलेले. वहिनीनं तोंडावर पाणी मारलं तेव्हा त्यानं ओठ हलवले.

“हाय,” म्हणाला. “हितं हाय.”

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय जोडता येईल. पण एवढ्या उन्हात आणखी थोडा वेळ गेला असता तर जोडायला माणूस राहिला नसता.

फोनसाठी मी बाईकची डिकी, त्याचे खिसे, सगळं शोधलं. संध्याकाळी वहिनीच्या भावानं दुकान उघडलं. फोन तिथं चार्जिंगला लावलेला होता, सायलेंटवर. हॉटस्पॉट बंद. सकाळी न्यायलाच विसरला होता.

दोन दिवसांनी दादा नीट बोलायला लागला. मी त्याला लॅपटॉपचं काही सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नको म्हटलं होतं. तो आपणहून म्हणाला, “कोण तर सारखं इचारत हुतं गं. कुणी हाय का, कुणी हाय का. मी म्हणत हुतो, हाय, हितं हाय. त्यानं झोप लागू दिली न्हाई.”

“बाई होती का माणूस?”

“ते कळलं न्हाई. मदी एकदा लई वेळ आवाज बंद झाला. मला वाटलं, गेलं निघून. तवा डोळा लागत हुता.”

मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मधे मी मशीन बंद केलं होतं. चहा केला होता.

बग पुढे मिळाला, अगदी साधा होता. मी दुरुस्तीचा पॅच पाठवला, तो कंपनीनं घेतलाही. त्या बगमुळे बाहेरचं नाव आत येऊच शकत नाही, हे मी शपथेवर सांगू शकते.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. देवानं दादाला वाचवलं, असं वहिनी म्हणते, तेच मीही म्हटलं असतं.

पण पावसाळा सरताना, दादा काठी घेऊन चालायला लागला होता तेव्हा, वेगळ्याच कामासाठी मी ते खोटे रेडिओ पुन्हा चालू केले. दुपारच्याच सुमारास टेस्टच्या खाली एक नाव आलं. ‘अण्णा घर’. आमच्या ओळखीत असा कुणी नाही. आकडा खाली येत होता.

मी स्कॅन बंद केला नाही. दादाला हाक मारली; एव्हाना त्याला सगळं सांगून झालं होतं. या वेळी लॅपटॉप त्याच्या मांडीवर. मोहोळच्या बाजूला गेलो, कमी झाला. परत फिरून अक्कलकोट रस्ता धरला, तर थोडा वाढला. मैंदर्गीपर्यंत गेलो. चहाच्या टपरीवर दादानं चौकशी केली. टपरीवाला कानडीत कुणाशी तरी बोलला आणि आम्हाला म्हणाला, “अण्णा कोणता? हितं घरटी एक अण्णा हाय की.”

आम्ही शेतातल्या रस्त्यांनी फिरत राहिलो. ऊन उतरलं तेव्हा यादीत एकच नाव उरलं होतं. टेस्ट. दादा म्हणाला, “थांब जरा.” गाडी उभी ठेवून आम्ही अंधार पडेपर्यंत पडद्याकडे बघत बसलो.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि मी ते मागतही नाही. हे वाचणाऱ्यांत त्या भागातलं कुणी असेल, आणि घरातल्या कुणाच्या फोनचं नाव ‘अण्णा घर’ असेल, तर फक्त एवढं कळवा — ते माणूस त्या संध्याकाळी घरी आलं का?