घोडीच्या गळ्यातला दोरा

चामराजपेटच्या बसथांब्यामागे एक म्हातारा आपली बुटकी घोडी बांधत असे. मान भिंतीला घासून घासून ती रक्त काढी. त्याने उवा शोधल्या, गवत बदललं, तरी खाज थांबेना. गळ्यातल्या दृष्टीच्या दोऱ्याला कुणी हात लावत नाही, म्हणून त्याखाली त्याने पाहिलंच नव्हतं.

धुक्यातल्या एका सकाळी मी बसची वाट पाहत पेंगत होतो. म्हाताऱ्याच्या लेकीने सासरी जाताना बांधलेला तो काळा लोकरी दोरा त्याने हळूच वर सरकवला. खाली कातडी सोलली होती.

“स्वल्प थांब, जरा थांब, अक्का,” असं घोडीला म्हणत त्याने दोरा कापला, जखम धुऊन खोबरेल लावलं. घोडीने डोळे मिटले.

“अण्णा, आता दृष्ट लागली तर?” मी विचारलं.

दोरा स्वतःच्या मनगटाला बांधत तो हसला. “मला लागू दे. मला खाजवायला हात आहेत.”