हलगीचा आवाज

मला ऐकू आलं होतं. आधी हे लिहून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं पुन्हा गोड आठवणींसारखं वाटायला लागेल. लासूर स्टेशन सोडलं त्याच्या आदल्या दिवशी, भरल्या मैदानात, युसूफ मला 'सोड' म्हणाला होता. मी ऐकलं आणि सोडलं नाही. गावाला माहीत आहे ते असं, की हलगी जोरात वाजत होती, म्हणून सुभाषला ऐकू गेलं नाही. ही गोष्ट मी पसरवली नाही. पण ती खोटी आहे हेही मी कधी कुणाला सांगितलं नाही.

निघालो ती सकाळ अजून दिसते. प्लॅटफॉर्मवर आई, आबा, वस्ताद आणि तालमीतली दहाबारा पोरं. माझ्या गळ्यात हार आणि डोक्यावर आदल्या दिवशी जिंकलेला फेटा. फेटा बॅगेत ठेवतो म्हटलं तर आबा म्हणाले, "जाताना मान वर ठेवून जायची." आई डबा दोनदा उघडून बघत होती, चटणी सांडली तर नाही ना म्हणून. मुंबईपर्यंत रेल्वे, तिथून विमानानं अबू धाबी. विमान मी तोवर फक्त खालून पाहिलं होतं.

गाडीची घंटा झाली तेव्हा युसूफ आला. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या खांद्यावर एक नवी कोरी उशी. त्याचे वडील पिंजारी, स्टेशन रोडला त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. "तिकडं कशावर झोपवतेत काय म्हाईत," तो म्हणाला. "अब्बांनी सकाळी उठून पिंजला कापूस. आपल्याकडचाच हाय."

आबांनी त्याच्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. ते काही विचारायच्या आत युसूफच बोलला, "काका, त्याला नका बोलू. हलगी लई वाजत व्हती. त्याला ऐकूच नाय गेलं."

मी उशी घेतली आणि गाडीत चढलो.

काय झालं होतं ते नीट सांगायला हवं. युसूफ आणि मी एकाच तालमीतले, एकाच वस्तादांचे. सहा वर्षं रोज पहाटे एकमेकांच्या अंगावर माती टाकलेली. एका तालमीची जोड मैदानात लावत नाहीत, हा आमच्याकडचा रिवाज. पण त्या वर्षी जत्रेत माझ्यासमोर उतरणारा वैजापूरचा पैलवान आलाच नाही. लोक बसलेले, आणि मी दुसऱ्या दिवशी परदेशी निघालेला. मग पंचांनी वस्तादांना गाठलं आणि ठरलं, नुरा लावायची. नुरा म्हणजे ठरवून केलेली कुस्ती. डाव दाखवायचे, लोकांना खूश करायचं आणि शेवटी पंचांनी दोघांचे हात वर करायचे. वस्तादांनी आम्हाला बाजूला घेऊन बजावलं, "दोघं माझीच पोरं. बरोबरीत सोडवायची. काय?" आम्ही त्यांच्या पायाला हात लावून व्हय म्हणालो.

सुरुवातीला झकास चाललं होतं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "ए, नुरा हाय नुरा! मंग गळ्यात गळा घालून नाचा की!" दुसरा म्हणाला, "त्याला हळू धर रं, विमानात बसायचंय, कपडे मळतील सायबाचे!" सगळं मैदान हसलं. पुढच्या रांगेत आबा बसले होते. ते हसले नाहीत, त्यांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मी पाहिली.

त्या क्षणी युसूफ माझ्याखाली पालथा होता आणि त्याचा उजवा हात त्याच्या पाठीवर माझ्या पकडीत होता. तो हात मी मिळवलेला नव्हता. डाव दिसायला बरा दिसावा म्हणून त्यानंच तो मागं दिला होता, हळूच "घे" म्हणून. मी तो वर चढवायला लागलो. तो म्हणाला, "सुभ्या, सोड." माझा कान त्याच्या मानेला टेकलेला होता. मग म्हणाला, "सोड ना रे." मी आणखी चढवला. खांद्यात काहीतरी सरकल्यासारखं झालं, तो कळवळून उलटला आणि त्याची पाठ मातीला लागली. चितपट. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वस्ताद जागेवरून उठले नाहीत.

त्याला तेव्हाच्या औरंगाबादला नेऊन खांदा बसवून आणला. बसला, पण हात कानाच्या वर जायचा बंद झाला तो कायमचा. तालीम सुटली. तालमीचं सोडा, तो पिंजाऱ्याचा मुलगा होता. एका हातानं धनुकली धरायची आणि दुसऱ्या हातानं तिच्या ताठ दोरीवर दिवसभर ठोके मारायचे, हे त्याच्या घरचं काम. तो हातच गेला. पुढं धाकट्या भावानं धनुकली घेतली आणि युसूफ सुई-दोरा घेऊन गाद्या शिवायला बसला.

माझं तिकडचं आयुष्य तुमच्यापैकी जे गेलात त्यांना सांगायला नको, आणि जे राहिलात त्यांना कितीही सांगितलं तरी थोडंच. एका खोलीत आठ माणसं, एसीच्या कामावर हेल्पर, ड्यूटी, ओव्हरटाइम, शुक्रवारी कपडे धुणं. मग टेक्निशियन झालो, मग सुपरवायझर. लग्न झालं, बायको-मुलगी तिकडं आल्या. खोल्या बदलल्या, पण उशी तीच राहिली. कापसाच्या गाठी झाल्या, एका बाजूला गोळा झाला, तरी टाकवेना. बायको म्हणायची, "अहो, हिच्यापेक्षा दगड मऊ." हिनं मला बरं वाटतं, असं मी सांगायचो. बरं वाटत नव्हतं.

दर सुट्टीला युसूफकडं जायचो. खजूर, अत्तर, त्याच्या पोरांना चॉकलेटं. तो आल्या-गेल्याला माझी ओळख करून द्यायचा, "ये मेरा दोस्त सुभाष. हलगीनं बहिरा केलेला पैलवान!" सगळे हसायचे. मीही हसायचो. इतक्या वेळा हसलो की पुढं पुढं मलाच ती हलगी आठवायला लागली, अगदी कडाडून वाजणारी.

सेहेचाळीसाव्या वर्षी, तोवर शुगर आणि पोट दोन्ही वाढलेली असताना, एका हॉलचा एसी दुरुस्त करायला गेलो. आत गाद्या अंथरलेल्या आणि जाड पांढऱ्या कोटातली माणसं जोडीजोडीनं झोंबत होती. शिडीवर उभा असताना तो घामाचा वास आला आणि माझे हात थांबले. तिथं शिकवणारा एक ब्राझीलचा माणूस होता, त्याला सगळे प्रोफेसर म्हणायचे. त्यानं खालून माझ्या तालमीत रगडून चुरगळलेल्या कानांकडं बोट दाखवलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "कुस्ती?" मी हो म्हटलं. "मग वर काय करतोस? खाली ये."

ब्राझिलियन जिऊ-जित्सू हे नाव उच्चारायला मला आठवडा लागला, आणि पाठ टेकवायला सहा महिने. आमच्याकडं पाठ लागली की कुस्ती संपली. तिथं पाठीवर पडूनच अर्धी विद्या शिकवतात. खाली पडलेल्या माणसानं पाय कसे वापरायचे, कंबर कशी सरकवायची, वरच्याचं वजन अंगावर घेऊनही श्वास कसा चालू ठेवायचा. मी जीव तोडून पालथा व्हायचो आणि कुणीतरी मागून गळा धरायचं. प्रोफेसर म्हणायचा, "सुभाष, खाली असणं म्हणजे हरणं नाही. घाबरणं म्हणजे हरणं." पहिली कितीतरी वर्षं मी त्या देशात अंगावर कुणाचं ना कुणाचं वजन घेऊनच जगलो होतो, आणि गावी फोनवर मात्र वर असल्यासारखं बोलत होतो. सगळं मस्त आहे आबा. मान वर आहे.

पण मला जिनं बदललं ती गोष्ट वेगळी. तिथं थाप असते. हात अडकला, गळा आवळला, सहन होईना, तर समोरच्याच्या अंगावर हातानं दोनदा थापटायचं. त्यानं तत्क्षणी सोडायचं. पंच नाही, शिट्टी नाही. मग दोघं हात मिळवतात आणि पुन्हा सुरू करतात. एका तासात दहा-दहा वेळा हरतात माणसं, आणि हसत घरी जातात. मी माझी मान अनोळखी माणसाच्या हातात देतो ती एवढ्या एका भरवशावर.

दुसऱ्याच महिन्यात बिजूबरोबर माझी जोड लागली. बिजू केरळचा, दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला, माझ्याच वयाचा, फार सभ्य माणूस. त्याचा उजवा हात माझ्या पकडीत आला आणि मी तो पाठीमागं चढवायला लागलो. त्यानं माझ्या मांडीवर दोनदा थापटलं. मी सोडलं, पण लगेच नाही. एक श्वास जास्त धरलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. हातांना जुनी सवय होती.

बिजूला काही झालं नाही. खांदा चोळत म्हणाला, "कोई बात नहीं भाई, आपको पता नहीं चला होगा."

मी गादीवर बसूनच राहिलो. पुन्हा तेच. पुन्हा ज्याला दुखलं तोच माझ्यासाठी सबब शोधत होता. प्रोफेसर येऊन समोर उकिडवा बसला. ओरडला नाही. "थाप कळली होती?"

"हो," मी म्हणालो. तेवीस वर्षांत त्या प्रश्नाचं हे पहिलं खरं उत्तर.

"मग मला सांगून काय उपयोग? त्याला सांग."

मी बिजूला तिथंच सांगितलं, की मला कळलं होतं, माझी चूक झाली. त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "चलो, फिर से." एवढं सोपं होतं ते. घरी जाताना गाडीत मी रडलो. बिजूसाठी नाही.

तरीही त्यानंतर दोन सुट्ट्या तशाच गेल्या. तोंडाशी यायचं आणि हलगीचा विनोद व्हायचा. मधे आबा गेले. त्यांच्या दहाव्याला युसूफ डाव्या हातानं लोकांना पाणी देत होता आणि मी मुंडन केलेलं डोकं खाली घालून बसलो होतो. मान पहिल्यांदाच खाली होती आणि तेच बरं वाटत होतं.

गेल्या सुट्टीत ती उशी पिशवीत घालून निघालो. युसूफ आता शहरात असतो, जिथं त्याचा खांदा बसवला होता तिथंच. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, कापूस पिंजायचं मशीन आहे, मुलगा सून सगळे हाताखाली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, मशीन घरघरत होतं. मी उशी काढली. त्यानं ती दाबून बघितली.

"या अल्ला! अजून ठिवली? हिच्यात कापूस हाय का खडे रे?"

"युसूफ, बस जरा. बोलायचंय."

"काय, शुगर वाढली?"

"मला ऐकू आलं होतं."

त्यानं मशीन बंद केलं. दुकान एकदम शांत झालं. मी म्हणालो, "मैदानात. तू दोनदा म्हणालास सोड. दोन्ही वेळा ऐकलं मी. हलगीमुळं नाही. आबांनी मान खाली घातली, लोक हसले, म्हणून मी धरून ठेवलं."

तो उशीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "हलगी वाजतच नव्हती रे."

"वाजत नव्हती?"

"हलगीवाला मामू माझ्या तोंडासमोरच हुभा व्हता. माझा हात कुठवर गेला ते बघून त्यानं काठी खाली घातली. लोक वरडत व्हते, कुणाच्या ध्यानात नाय आलं. मी बघत व्हतो ना मातीतून."

म्हणजे ती हलगी, जी मला इतकी वर्षं आठवत होती, ती युसूफनं प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या तयार केली होती. माझ्यासाठी.

"मग तू असं का सांगितलंस?"

"तू चालला व्हतास ना. तुझ्या आबांसमोर काय सांगू? काका, तुमच्या पोरानं वस्तादांचा शब्द मोडला? तू निघून जाणार आन् त्यांनी गावात ऱ्हायचं." मग जरा थांबून, माझ्याकडं न बघता, "मला वाटलं, गाडी सुटायच्या आत तू बोलशील. मंग वाटलं, पहिल्या सुट्टीला बोलशील. म्हणून मीच दरवेळी हलगी काढायचो. नक्को बोलू म्हणून नाय. बोल म्हणून."

मी इतकी वर्षं घर कुठं आहे ते शोधत होतो. लासूरचं घर आता भाड्यानं दिलेलं आहे, तिकडचं व्हिसा असेपर्यंतचं. पण माझं खोटं ओळखून, मी खरं बोलायची वाट बघत कुणी बसलेलं असतं, ती जागा घर नसेल तर मला दुसरा शब्द माहीत नाही. त्या जागेला मी फार ताटकळत ठेवलं.

मी पुढं सरकलो आणि त्याच्या गुडघ्यावर हातानं दोनदा थापटलं.

"हे काय?"

"तिकडं असं करतात. हरलो म्हणायचं असलं की."

"आन् मंग?"

"मग पुढचं समोरच्याच्या हातात. त्यानं सोडायचं." मी हात तिथंच ठेवला. "वस्तादांचा शब्द मी मोडला. तू विश्वासानं दिलेला हात मी मोडला. आणि तू मला वाचवत राहिलास तेव्हा गप्प बसलो, ते त्याहून वाईट केलं. चुकलो मी, युसूफ. मला माफ कर."