हुसेनभाईंची बळदं

हुसेनभाई गवंडी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी खळ्यावर ज्वारी मोजत होतो. मोजणी अर्धी टाकून उठलो... असं माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

दुष्काळाच्या साली बालाघाटातल्या वाड्यांवरून सतरा कुटुंबं पोटासाठी धारूरला आली आणि किल्ल्याच्या बाजूला झाडांखाली राहिली. गावानं घरटी आठवड्याला शेरभर ज्वारी द्यायचं ठरवलं. वाटपाचं माप माझ्याकडे आलं. पडीक जागेतला दगड, ओढ्याची माती आणि सगळ्यांचे हात, एवढ्यावर हुसेनभाईंनी एका माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपराखाली, सतरा खोल्या बांधायला घेतल्या. भाडं म्हणून प्रत्येकानं वर्षातून दोन दिवस माळवद लिंपायचं, इतकंच.

धान्य ज्याचं त्याला पोचावं म्हणून मी चावडीवर एकेकाचं नाव पुकारून माप ओतत असे. तिसऱ्या आठवड्यात त्या सतरा कुटुंबांतली सोजरबाई आली नाही. गरज उरली नसेल, असं मी धरलं. चूक माझी. चार दिवसांनी हुसेनभाई मला तिच्या झाडाखाली घेऊन गेले. चुलीवर नुसता पाला शिजत होता. तीन लेकरांतली धाकटी पोर उठून बसत नव्हती. सोजरबाई मान वर न करता म्हणाली, "माज्या गावचे लोक बाजाराला येत्यात, भाऊ. त्यांच्यादेखत माजं नाव पुकारलं जातंय. मी न्हाई येनार."

हुसेनभाईंनी घरून भाकरी आणवल्या. पोर वाचली. परतताना ते म्हणाले, "अण्णा, तुमी माप लई नीट धरता. मानूस निसटलं की हो तेवढ्यात."

त्यांनी उभ्या भिंती पुन्हा उकलल्या. प्रत्येक खोलीच्या भिंतीत बळद, म्हणजे धान्याची पोकळ कोठी, ठेवलं आणि त्याचं तोंड वर माळवदात काढलं. कोणीही जिना चढावा, धान्य ओतावं, कुणी दिलं ते खाली कळू नये. मी भांडलो. एकाचं बळद ओसंडेल, दुसऱ्याचं रिकामं राहील, त्याचं काय? ते हसले. "मग काठी घालून बगत जा वरून. मोजल्याबिगर तुमाला झोप कुठं येते?"

तेव्हापासून दर आठवड्याला मी काठी घालून पाहत आलो. लक्ष सगळं काठीवर.

मागच्या आठवड्यात दुपारी वर गेलो. सोजरबाई आता थकली आहे, घरीच असते. तिच्या बळदाचं फरशीचं झाकण हातातून निसटून उलटं पडलं, तर खालच्या कडेला तरटाची पट्टी बांधलेली. सतराही झाकणं उलटून पाहिली. सगळ्यांना होती, काही तर अलीकडेच बदललेली... झाकण ठेवताना खाली आवाज जाऊ नये म्हणून. हुसेनभाईंनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

सोजरबाईची पट्टी झिजली होती. घरून तरट नेऊन ती बदलली, ज्वारी हळूहळू सोडली, झाकण ठेवलं आणि कानोसा घेतला. खाली ती सुनेशी बोलत होती. तिचं बोलणं थांबलं नाही.